फरशीवरच्या कोंबड्या

एन्कार्नासियोन, ४ मे १९८७

चि. इसाबेलिनो यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, पण आईचं जेवण सुटलंय. गावाहून, तावाईहून, इथे शहरात आणल्यापासून चार घास खाते नि ताट सरकवते. मक्याच्या गोळ्यांचा रस्सा तिने शिकवला तसाच करते, तरी म्हणते की शहरातल्या कोंबडीला चव नाही. अंगावरचे कपडे ढगळ झालेत तिचे. मला भीती वाटते रे.

चव येईल असं तू म्हणालास म्हणून माझ्या पांढऱ्या कोंबड्यांचं पिठाचं खाद्य बंद केलं आणि अख्खा मका घातला. तर गळ्याखाली टणक गाठी, आणि रोज अंगण धुताना विष्ठेत दाणे जसेच्या तसे! आता एवढं सांग, दात नसलेला प्राणी अख्खा दाणा चावतो तरी कशाने?

तुझी,
निमियाताई


तावाई, ११ मे १९८७

ती. निमियाताईस,
सा. न. वि. वि. रागावू नकोस, पण मी पोट धरून हसलो. अगं, कोंबडीचे दात पोटात असतात आणि ते तिला जमिनीवरून टिपावे लागतात. तुझ्या चकचकीत फरशीवर खडा यायचा कुठून? आई कोंबडीचा पेटा, म्हणजे दाणे दळणारं पोट, चिरून आतले खडे दाखवायची, ही कोंबडी ओढ्यावर गेली होती, ती शाळेमागे, असं सांगायची. विसरलीस ना, शहरवाले?

त्यांना टिपायला बसवाल्याकडे ओढ्यातली खड्यांची वाळू पाठवतोय. आधी खाद्यात मूठभरच मका मिसळ, मग वाढवत ने. पोटाला सवय नको का व्हायला?

आईचं वाचून मात्र हसू मावळलं. तिला न्यायला येऊ का?

तुझा धाकटा भाऊ,
इसाबेलिनो


एन्कार्नासियोन, १५ जून १९८७

चि. इसाबेलिनो यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या 'येऊ का'ने मी दोन दिवस रडले. माझ्याकडे आई नांदत नाही, असंच वाटलं. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही.

कोंबड्या आता अख्खा मका मजेत पचवतात. शनिवारी एक कापली. पेटा चांगला जाड, घट्ट होता. आईने माझ्या हातातली सुरीच काढून घेतली, पेटा चिरला आणि खडे बशीत धुतले. एक तांबूस खडा बराच वेळ न्याहाळला. ओढ्याच्या ज्या वळणावर ती धुणं धुवायची, तिथलाच आहे म्हणाली. खरं-खोटं देव जाणे. मग दोन वाट्या रस्सा जेवली.

मी धीर करून विचारलं, तावाईला जायचंय का. तर म्हणाली, "राहीन गं इथंच. पण सकाळी उठून झाडायला तुझ्याकडे माती कुठाय?"

एवढे दिवस ती पहाटे उठून खराटा घेऊन दारात उभी राहायची, आणि मी म्हणायचे, आई, बस, फरशी धुऊन झाली.

काल पहार आणून अर्ध्या अंगणाची फरशी उखडली. नवरा अजून फुरंगटून बसलाय. आज मला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. आई तांबडी माती झाडत होती, आणि कोंबड्या तिच्या मागे मागे टिपत होत्या.

तू ये. न्यायला नको, जेवायला ये.

तुझी,
निमियाताई