कोलकात्यात डोंगर नाहीत, या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. श्री. मनोहर आगटे,
उपमहाव्यवस्थापक (प्रशासन),
पूर्वसागर सर्वसाधारण विमा महामंडळ,
विभागीय कार्यालय, एस्प्लनेड, कोलकाता.

विषय : दि. १६ व १७ जानेवारी २०२५ ची रजा कार्योत्तर मंजूर होणेबाबत व ज्ञापनातील चार मुद्द्यांच्या खुलाशाबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा रजेचा अर्ज, दि. २६ डिसेंबर, व त्यावरील आपला शेरा.
२) आपले ज्ञापन, दि. २० जानेवारी.

महोदय,

अर्जदार सौ. प्रेमलता खांबेटे, वय ५४, ही आपल्या कार्यालयाच्या दावे विभागात सहायक अधिकारी असून बेहाला येथे राहते. हा अर्ज मराठीत केल्याबद्दल ती दिलगीर आहे. आवक विभागात कोणालाही मराठी वाचता येत नाही, आणि चौथ्या मुद्द्यापर्यंत पोचल्यावर हेच बरे झाले असे आपणासही वाटेल. केबिनचे दार लावून घ्यावे, ही विनंती.

१. रजेचे कारण खोटे असल्याबाबत. अर्जदाराने रजेच्या अर्जात "डोंगरधारेने चालत जाण्यासाठी" असे कारण लिहिले होते. त्यावर आपण हिरव्या शाईत "कोलकात्यात डोंगर नाहीत. सबब कारण असत्य. रजा नामंजूर" असा शेरा दिला. कोलकात्यात डोंगर आहेत असे अर्जदाराने कधीही म्हटलेले नाही. पुरुलियाकडे मात्र ते आहेत, आणि सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत तिथे पोचता येते. अर्जदाराची मुलगी ऋता बेहाल्यातच लहानाची मोठी झाली. येत्या मार्चमध्ये ती नोकरीसाठी परदेशी जाते आहे. तिच्या लेखी चढ म्हणजे उड्डाणपूल. जाण्यापूर्वी तिच्या पायाखालून एक तरी डोंगरधार जावी, एवढाच हेतू होता.

हे समक्ष सांगावे म्हणून अर्जदार रविवार दि. २९ डिसेंबर रोजी आपल्या निवासस्थानी आली. आपण मासळी बाजारात गेला होता. दार आपल्या पत्नी सौ. सुहासिनीताई यांनी उघडले. आपला शेरा त्यांनी दोनदा वाचला व विचारले, "किती टेकड्या?"

अर्जदार म्हणाली, "एकच. पायऱ्या आहेत, वर देऊळ आहे."

"पायऱ्या चढायच्या तर दक्षिणेश्वरला जा की," असे म्हणून त्या आत गेल्या आणि कपाटातल्या साड्यांखालून नकाशांची गुंडाळी घेऊन आल्या. त्या नाशिकच्या, भूगोल शिकवण्यात व सह्याद्रीत हिंडण्यात त्यांची तीस वर्षे गेली, हे आपण जाणताच. अर्जदारास ते माहीत नव्हते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवण्यात आल्या. त्यांनी पेन्सिलीने एकाच रांगेतल्या चार टेकड्यांवर टिंबे दिली. त्यांना नकाशात नावे नाहीत, नुसत्या उंच्या आहेत : ३९६, ४१२, ४३७ व ४८१. एकीवरून दुसरीवर जायला मळलेली वाटही नाही. पाणी माणशी तीन लिटर. प्रत्येक खिंडीतून खाली उतरायचा रस्ता आधीच ठरलेला. दुपारी दोन वाजता जिथे असू तिथून माघारी. पायथ्याच्या गावात आणि वनखात्याच्या चौकीत नावे लिहून द्यायची. आपण पाबदा मासे घेऊन परतलात तेव्हा टेबलावर फक्त चहाचे कप होते.

२. कार्यालयीन कागद पिशवीत भरून जिना चढल्याबाबत. दरवान हलदारबाबू यांनी आपणास दिलेली खबर खरी आहे. दि. २ ते १४ जानेवारी या काळात अर्जदार जेवणाच्या सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन सात मजले रोज तीन वेळा चढली व उतरली. सॅकमध्ये आठ किलो वजन असावे असा सुहासिनीताईंचा हुकूम होता. रद्दीत निघालेली २००९ सालची परिपत्रके तेवढी भरली. एकही कागद इमारतीबाहेर गेलेला नाही. उलट, पाचव्या मजल्यावर हलदारबाबूंनी "दीदी, की होयेछे?" असे काळजीने विचारून अर्जदारास पाणी पाजले, याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी.

३. विनापरवानगी अनुपस्थितीबाबत. मान्य. खुलासा नाही.

४. "साथीदारांची नावे कळवावीत" याबाबत. नावे न देण्याचा अर्जदाराचा मानस होता. परंतु आपण हा मुद्दा अधोरेखित केला आहे व न कळवल्यास शिस्तभंगाची तंबी दिली आहे, म्हणून नाइलाजाने लिहिते. साथीदार दोन : (अ) कु. ऋता खांबेटे. (ब) सौ. सुहासिनी मनोहर आगटे.

आपण दि. १५ ते १८ मुंबईच्या बैठकीस होता. त्या काळात बेहाल्यात तीन दिवस चालणारे हळदीकुंकू आहे, असे आपणास सांगण्यात आले होते. महोदय, तीन दिवस चालणारे हळदीकुंकू नसते. कोणत्याही मराठी माणसाने हे ओळखायला हवे होते.

गुरुवारी पायथ्याच्या गावात मुक्काम करून शुक्रवारी उजाडताच तिघी निघाल्या. पहिल्या दोन टेकड्या सुखाने झाल्या. पुढे काटेरी झुडपांत धारच दिसेनाशी झाली तेव्हा ऋता तिच्या मराठीत म्हणाली, "काकू, आपण वाट हरवलो का?"

"वाट होतीच कुठे हरवायला? पाणी जिकडून दोन्ही बाजूंना वाहून जाईल तिकडून चालायचं. तीच धार," सुहासिनीताई म्हणाल्या.

तिसऱ्या टेकडीच्या पुढे एक घळ आडवी आली. उतारावर सुटे दगड, पाय ठेवला की खाली धावणारे. सुहासिनीताई व ऋता पार झाल्या. अर्जदार मात्र मधोमध खडकाला धरून उभी राहिली आणि तिला ना पुढे जाता येईना ना मागे. सात मजल्यांच्या सरावाचा तिथे काडीचा उपयोग झाला नाही. आपण ज्यांना दोन वर्षांपूर्वीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून गच्चीवरही एकटे जाऊ देत नाही, त्या तेवढा उतार पुन्हा उलट आल्या. म्हणाल्या, "प्रेमलता, खाली बघू नकोस. माझ्या बुटांच्या टाचा बघ. मी पाय उचलला की तू ठेव." अशी अकरा पावले झाली. अर्जदाराने ती मोजली, कारण दुसरे काही सुचत नव्हते.

पलीकडे बसल्यावर अर्जदार रडली. सुहासिनीताईंनी तिच्या हातात गुळाची पोळी दिली आणि समोरच्या ४८१ कडे बघितले. मग म्हणाल्या, "दोन वर्षांत मला घरात 'सावकाश' याशिवाय दुसरा शब्द ऐकायला मिळालेला नाही गं. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगून वर्ष झालं. हे ऐकतच नाहीत. घाबरतात."

वाजले होते एक वीस. ४८१ चा माथा त्यांनी सर्वांआधी गाठला.

तिथे मोबाइलला रेंज होती. नेमका आपला फोन आला. आपण विचारले, "हळदीकुंकवात एवढा वारा कसला?" त्या म्हणाल्या, "पंखे लावलेत." आपण म्हणालात, "जानेवारीत?" त्यावर त्यांनी फोन ठेवला आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. ऋताने आधी त्यांना धरले, आणि मग तीही हसत सुटली.

सबब विनंती की,

(क) अर्जदाराची दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी. (ख) संदर्भ क्र. १ वरील शेरा भूगोलाच्या दृष्टीने दुरुस्त व्हावा. (ग) आपल्या निवासस्थानी दोन वर्षे लागू असलेला "सावकाश" हा तोंडी आदेश मागे घ्यावा. शेवटची बाब कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु त्या घळीत त्या परत आल्या नसत्या तर हा अर्ज लिहायला अर्जदार उरली असती की नाही, याची तिला खात्री नाही. त्यामुळे गप्प बसणेही तिला शक्य नाही.

निर्णय काहीही झाला तरी अर्जदाराचा आपल्यावर रोष नाही, हे नम्रपणे नमूद करून,

आपली आज्ञाधारक (दि. १६ व १७ वगळता),
सौ. प्रेमलता खांबेटे
दि. २१ जानेवारी २०२५

सोबत : १) ४८१ च्या माथ्यावरील छायाचित्र, एक प्रत. मधल्या बाई आपल्या ओळखीच्या आहेत.
२) अस्थितज्ज्ञांचे गेल्या वर्षीचे पत्र : "रोज चालावे. चढ वर्ज्य नाही." आपल्या निवासस्थानी फ्रिजवर हे वर्षभर लावलेले होते.

ता. क. : सदर अर्ज आवक विभागात न देता आपल्या जेवणाच्या डब्यात, पोळ्यांच्या वरच्या पुडात ठेवण्यात आला आहे. ठेवणाऱ्या बाईंनी तो आधी वाचून शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि निरोप दिला आहे की, जेवून घ्या, मग रागवा.