गच्चीवरचं ऊन

फेस (मोरोक्को), शुक्रवार

ती. रकियाताईस,

धाकट्या तिहामीचा सलाम. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि कोंबड्या बऱ्या आहेत ना? मी आहे. याहून जास्त सांगायची उमेद नाही.

जिन्यावर घसरलो ते कळलंच असेल. तेवढ्यावरून मॉन्ट्रियलहून अनीसचं फर्मान आलं : रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढलं नाही, तर बाबा, रमजानआधी घर विकायचं आणि आमच्याकडे यायचं. (तिथे ऊन नावालाच पडतं म्हणे, पण पोराशी वाद घालायलाही अंगात जीवनसत्त्व लागतं.) ही गल्ली सोडून बर्फात मरायची माझी तयारी नाही.

त्याने गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्या. आता परदेशातून आलेली वस्तू एकट्याने खाणारा माणूस आपल्या गल्लीत जन्मलाय का? पुदिन्याच्या चहाबरोबर बशीत ठेवल्या. हमामवाल्याने तर सासूसाठी मूठभर नेल्या. आठवड्यात गल्ली टवटवीत झाली, मी होतो तसाच.

मग डॉक्टर म्हणाले, ऊन खा. आपल्या बोळात ऊन कुठलं? ते गच्चीवर. आणि गच्ची बायकांची, हेच मी म्हातारा विसरलो. (झहूर गेल्यापासून घरात अडवणारी बायको नाही, ताई. फार ओकंबोकं वाटतं.) बाह्या सरसावून डोळे मिटून बसलो, तोच शेजारच्या गच्चीवरून बतूलबाई, त्या विधवा, कडाडल्या, "अहो तिहामी, लाज विकून खाल्लीत का? उतरा, नाहीतर बादली ओतते."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरांच्या गच्चीवर बसा."

आजूबाजूच्या साऱ्या गच्च्या हसल्या. नमाजानंतर गल्लीचा कारभार बघणाऱ्या मुकद्दमाने मला बाजूला घेऊन मिसरूड फुटलेल्या पोरासारखं समजावलं. खरं सांगतो, कित्येक वर्षांत माझ्यावर असला संशय कोणी घेतला नव्हता. जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बतूलबाई तळलेल्या सार्डिनचं ताट घेऊन दारात. "यात तुमचं ते ड असतं म्हणे," एवढं बोलून, उंबरा न ओलांडता परत गेल्या. हल्ली रोज येतं ताट.

असो. थकलो.

तुझा तिहामी

ता. क. अनीसला यातलं अक्षरही कळवू नकोस.

आणखी ता. क. काल ताट देताना बतूलबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, गच्चीवर एकटा पुरुष चालत नाही, बायकोबरोबर आला तर कोण कशाला बोलेल? तेव्हा गुरुवारी ये. मागणी घालायला घरची बाईच लागते. मागणीत द्यायचे साखरेचे दोन सुळके तिकडूनच आण. इथे घेतले तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल, आणि त्यातून नकार आला, तर मला खरंच मॉन्ट्रियलला जावं लागेल.