मेहरच्या नोटेला कडक इस्त्री

५ जानेवारी, सोमवार
बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी आजपासून वापरात. संकल्प एकच: जुन्या नोटांचा धंदा. बावीस वर्षं शहाद्याच्या एसटी स्टँडमागे लोकांचे कपडे इस्त्री करतोय. घामट कॉलरी, खिशात तंबाखूचा चुरा. शी! पुरे झालं. मोबाईलवर नोटांचे चौदा व्हिडिओ पाहिले. विषय सोपा आहे. नंबर बघायचा, घड्या मोजायच्या, डाग बघायचे, किंमत सांगायची. मला उपजत नजर असावी.

६ जानेवारी
गल्ल्यातल्या सगळ्या नोटा तपासल्या. किळस. एकीला हळद, एकीवर कोणाचा तरी फोन नंबर, एकीला सुक्या मासळीचा वास. लोक थुंकी लावून मोजतात आणि तीच नोट माझ्या हातात देतात. नोट सांभाळायची अक्कल कुणालाच नाही.
मी भिंगातून बघत असताना म्हसावदचा करणसिंग आला. काय करी ऱ्हायनात चाचा, म्हणाला. ग्रेडिंग, मी म्हणालो. त्यावर त्याचा प्रश्न: मन्हा शर्ट कव्हय देशात? अशा माणसांशी काय बोलायचं! (शर्ट राहिलाच. उद्या नक्की.)

८ जानेवारी, रात्री ९
सापडली! आणि तीही घरात, जाहेदाच्या पेटीत. निकाहात मेहर म्हणून दिलेल्या पैशांतली शंभराची एक नोट तिने ठेवली आहे. शेवटचे आकडे ७८६. आमच्यात हा नंबर बरकतीचा, अशी नोट कोणी मोडत नाही. माझं व्हॅल्युएशन: पंचवीस हजार. कमीत कमी.
पण अवस्था बघवत नाही. चार घड्या, आणि वर अंगठ्याचा केशरी ठसा. हे काय करून ठेवलंस, विचारलं. म्हणाली, निकाहाच्या सकाळी पुन्हा लावलेली मेहंदी वाळली नव्हती, तेवढ्यात तुमच्या अब्बांनी नोटा हातात ठेवल्या. हा ठसा आहे म्हणूनच ही नोट ठेवली, बाकीच्या खर्चल्या. एकोणीस वर्षांपूर्वीचा निष्काळजीपणा, आणि सांगताना हसत होती!

९ जानेवारी
विकू या, म्हणालो. स्टीमची इस्त्री घेतो, उरेल ते तुझं. जाहेदा म्हणाली, मेहर बायकोचा असतो, नवऱ्याने त्याच्याकडे बघायचंही नसतं. पेटीला कुलूप लावते म्हणाली नाही, पण तसं बघितलं. सदफला मध्यस्थी करायला सांगितलं. लोणखेड्याला अकरावी कॉमर्सला जाते, निदान तिला तरी कळावं. ती म्हणाली, अब्बू, अम्मीच्या पेटीला हात लावू नका. फी वाया.

११ जानेवारी, रविवार
जाहेदा आणि सदफ दोंडाईच्याला साखरपुड्याला गेल्या. नोट दुकानात आणली. ही चोरी नाही, दुरुस्ती आहे. पंचवीस हजार हातात पडले की जाहेदा स्वतःच शाबासकी देईल.
व्हिडिओवाले म्हणतात, घडी पडली की किंमत पडते. अरे, घडी काढणं हे तर माझं रोजचं काम! कोमट पाण्यात भिजवली. ठशावर लिंबू. हटेना. मग ब्लीचचे दोन थेंब. गेला. पुढाऱ्यांच्या कुर्त्यांना लावतो तो स्टार्च दिला, वर मलमलचं फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली. आतली चमकती तार जराशी आकसली, रंग किंचित फिका झाला. एवढं चालतं. नोट एका टोकाला धरली तरी आडवी ताठ राहते. व्हॅल्युएशन वाढवून तीस हजार केलं.

१३ जानेवारी, मंगळवार
पहिल्या गाडीने नंदुरबार. जुन्या नाण्या-नोटांचे व्यापारी प्रेमचंदशेठ. त्यांनी नोट उजेडात धरली, वाकवली, चक्क हुंगली. मग म्हणाले, हाई नोट शे का शर्टनी कॉलर? दुकानातली दोन माणसं हसली. ठशासकट, घड्यांसकट आणली असती तर नंबरसाठी आठशे दिले असते, म्हणाले. धुतलेल्या नोटेला कोणी हात लावत नाही. आता बाजारात जे मिळतं तेच, शंभर.
या माणसाला काही कळत नाही. परतीच्या गाडीत शेजारचा उलटी करत होता. सगळा दिवस घाण. उतरल्यावर घरी जाऊन नोट होती तशी चौघडी करून पेटीत ठेवली. घडी पडताना कागद पापडासारखा वाजला. कोणाला कळणार नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
कळलं. जाहेदाने पेटीतून शाल काढताना नोट उलगडली. दोन्ही बाजूंनी ठसा शोधला. म्हणाली, ही माझी नाही. मी म्हणालो, तीच आहे, नंबर बघ. म्हणाली, नंबर मी कधी वाचलाच नव्हता. माझी विकलीत आणि तिच्या जागी ही ठेवलीत.
खरं सांगायचं म्हणजे ठसा मी धुतला, हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा विकली हा आरोप बरा वाटला.

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी भाजीवाली मोतीबाई दारात आली. जाहेदाने अर्धा किलो गिलकी घेतली, कोथिंबीर घेतली आणि तीच नोट पुढे केली. मोतीबाई म्हणाली, एकदम कोरी नोट शे वं माय! तिने घडी करून कमरेला खोचली, सुटे मोजून दिले आणि टोपली उचलली.
मी दारातच होतो. थांब म्हणायचं होतं. पण का थांब, ते सांगावं लागलं असतं. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत उभा राहिलो. स्वतःच्या हातांची शिसारी आली.
जेवायला गिलक्यांची भाजी होती. जाहेदाने मला वाढली. वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.