माल सोबत नेत आहे

॥ श्री ॥
मालेगाव, जि. वाशीम
२० जुलै २०२५

चि. त्रिशलास अ. उ. आशीर्वाद. जय जिनेंद्र.

आम्ही सुखरूप पोचलो हे तुला फोनवर कळलंच आहे. तुझी आई अजून गल्लीभर जर्मनीचं कौतुक सांगत फिरते. बाया आता तिला पाहून दार लावून घेतात.

पत्राचं कारण वेगळं आहे. फोनवर मला हे बोलवणार नाही. कागद फेकायचा नाही ही दुकानदाराची खोड, म्हणून लॅपटॉपच्या बिलासोबतच्या फॉर्मची प्रत मी जपून आणली. आपला पियूष दुकानाचा जीएसटी भरतो, त्याने काल ती फोनसमोर धरून मराठीत वाचली. परदेशी पाहुणा वस्तू न वापरता आपल्या देशी नेत असेल, तरच तिथला कर त्याला परत मिळतो, असं त्यात आहे. माल सोबत नेत आहे, आणि खाली माझी सही. पियूषने विचारलं, की काका, मंग तो लॅपटॉप कुठी हाये. मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.

तू म्हणालीस, तुमच्या नावावर घेतला की स्वस्त पडतो. मी पासपोर्ट दिला. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने खोका पाहून काही विचारलं, तू खुणावलंस, मी मान हलवली. शिक्का पडल्यावर बॅग जड होते म्हणून खोका तू ठेवून घेतलास. एकतीस वर्षं मी अचौर्याचं व्रत पाळतो. भांड्यांच्या दुकानात बिलाशिवाय चमचा विकला नाही. आणि परक्या देशात खोटी साक्ष देऊन आलो. तुला पगार काही कमी नाही. मग काहून, बाई?

तुझा,
बाबा


श्टुटगार्ट
४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बाबा, पगारच नाही. माझी नोकरी मार्चमध्ये गेली. तुमची तिकिटं काढून झाली होती, आई बॅगा भरत होती, तेव्हा सांगवलं नाही. रोज सकाळी मी डबा घेऊन निघायची, ती वाचनालयात बसून अर्ज करायला. कंपनीने लॅपटॉप परत घेतला होता, नवा घेणं भाग होतं. मी इथे राहणारी, मला कर परत मिळत नाही. तुम्ही पाहुणे, तुम्हाला मिळतो. सव्वाशे युरो वाचले. ही चोरी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. ती तुमच्या हातून करवली, याची फार लाज वाटते.

एकच विनंती. नोकरी मिळाली नाही तर ऑक्टोबरात माझा व्हिसा संपतो. तोवर कुठेही काही लिहू नका, माझं नाव निघालं तर पुढचा व्हिसा अडेल. आईला तर सांगूच नका.

राग ओसरला की दोन ओळी टाका. वाट पाहते.

तुमची,
त्रिशला


मालेगाव
८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

चि. त्रिशलास अ. उ. आशीर्वाद.

पर्युषणाचे दहा दिवस मंदिरात बसलो, मन काही लागलं नाही. शेवटी आईला सांगितलं. ती रडेल वाटलं होतं, पण तिने मलाच धारेवर धरलं. म्हणाली, पोरगी भेत होती ते तुमालेच भेत होती.

आज सकाळी तिथल्या कस्टमच्या कचेरीला रजिस्टर पत्र टाकलं. पियूषने इंग्रजीत लिहून दिलं. माल माझ्यासोबत आला नाही, सही माझी, पैसे परत घ्या, दंड असेल तो सांगा. तुझं नाव घातलं नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही, हे तुझ्या कानावर घालून ठेवतो. ऑक्टोबरपर्यंत थांबलो असतो, तर आजच्या क्षमा मागायच्या दिवशी कुणापुढे हात जोडायला तोंड उरलं नसतं. तुझी विनंती मोडली, त्याची क्षमा कर.

दुसरी क्षमा याहून मोठी आहे. बावीस दिवस तू डबा घेऊन निघालीस आणि मी खिडकीतून हात हलवत राहिलो. संध्याकाळी ऑफिसच्या गोष्टी विचारल्या, तू रचून सांगितल्यास, मी ऐकल्या. माझ्या घरात खरं बोलायला शिकवलं, पण खरं सांगता येईल असा बाप मी झालो नाही. फॉर्मची चूक तुझी असेल, ही माझी आहे.

या पत्रानंतर मला तो देश पुन्हा व्हिसा देईल की नाही, ठाऊक नाही. तुझं घर एकदा पाहिलं, तेवढं पुरे. आता तूच ये. नोकरी असली तरी ये, नसली तरी ये. गाडीची वेळ कळव, मी स्टँडवर उभा असेन.

उत्तम क्षमा. मनात काही ठेवू नकोस.

तुझा,
बाबा