भिंतीमागचा कोल्हा आणि माझा श्रावण

२५ जुलै, शुक्रवार. सकाळी ६.१०
श्रावण सुरू. यंदा कडक पाळणार. मासे, मटण, अंडं, सगळं बंद. टिपणीसांच्या घराण्यात श्रावण नेहमी तोंडदेखलाच पाळला गेला. वडील तर आमटीत कोलंबीचे सोडे निघाले की डोळे मिटून खायचे. ही परंपरा मी मोडणार. सुमतीला तसं सांगितलं. ती हसली नाही, पण हसायच्या बेतात होती.

दुसरा संकल्प: सोसायटीचं चेअरमनपद. सुधीर वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटून बसलाय. कामं काय केली? नोटीस बोर्डाला काच बसवली. मतदान १७ ऑगस्टला. मी उभा राहतोय. फक्त एक मुद्दा हवा.

२७ जुलै, रविवार
मुद्दा मिळाला. कोल्हा.

ए विंगचा भावेश सांगत होता, त्याची बायको हेमाली हल्ली संध्याकाळी वॉकला उतरत नाही. मागच्या भिंतीपाशी कोल्हा दिसतो म्हणे. म्हणजे ठाकुर्लीला खाडीकाठी आयुष्याची पुंजी ओतून फ्लॅट घ्यायचा आणि कोल्ह्याला घाबरून घरात बसायचं. सुधीरला विचारलं तर म्हणाला, अरे टिपणीस, तिवरांच्या झाडीत कोल्हे आधीपासून आहेत, उंदीर-खेकडे खातात, आपलं काय बिघडवतात. काहीही न करायला या माणसाला कारण बरोबर सापडतं.

माझं मत पक्कं आहे. कोल्हा हा उपद्रवी प्राणी. झुरळांना पेस्ट कंट्रोल चालतं, उंदरांना चालतं, मग कोल्हा काय सोसायटीचा जावई आहे? मारा म्हणत नाही मी. कंट्रोल म्हणतो.

३० जुलै, बुधवार
अशक्तपणा. पडवळ, दोडका, पुन्हा पडवळ. डॉक्टरांनी ओमेगा-थ्री सांगितलेलं. मला नाही, शेजारच्या काकांना, पण वय तेच.

मागच्या भिंतीला भगदाड आहे. त्यातून बाहेर पडलं की कोळीवाडा हाकेवर. आमच्याकडे माशांची टोपली घेऊन येणारी मनुबाई तिथेच राहते. तिच्याकडून दोन बोयटं तळून घेतली. औषध म्हणून. भिंतीच्या बाहेर उभ्यानेच खाल्ली. सोसायटीच्या हद्दीबाहेर आणि तेही उभ्याने, म्हणजे जेवण धरता येणार नाही. काटे घरी नेले असते तर सुमतीला वास आला असता, म्हणून तिवरात भिरकावले. प्लास्टिकची पिशवी नीट चुरगाळून झटकली, काटा चिकटून राहायला नको.

तिवरातून कोणीतरी बघतंय असं वाटलं. निवडणूक आली की पाळत ठेवतातच.

१ ऑगस्ट, शुक्रवार
कल्याणला वनखात्याच्या ऑफिसात गेलेलो. साहेब म्हणजे कालचं पोर. कोल्हा कायद्याने संरक्षित आहे, हात लावता येणार नाही, म्हणाला. आधी कोणी त्याला खायला टाकतंय का बघा, ते बंद झालं की तो आपोआप लांब राहील. मी सांगितलं, आमच्याकडे सगळे सुशिक्षित राहतात, शिवाय श्रावण चालू आहे. त्याला यातलं काही कळल्याचं दिसलं नाही. मात्र १७ तारखेला जनजागृतीसाठी यायला तयार झाला. नोटीस बोर्डावर मी ‘जनजागृती’च्या जागी ‘कारवाई’ लिहिलं. लोकांना ठोस काही लागतं.

येताना रिक्षा मागच्या रस्त्याने आणली. औषध.

५ ऑगस्ट, मंगळवार
ए विंग खिशात. सगळे शाकाहारी, सगळे भावेशच्या शब्दातले. त्यांची अट एकच, मासेवाली गेटच्या आत नको. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. लिफ्टमधला तो वास मलाही सहन होत नाही. भावेश भारावला. काका, तुमच्यासारखा श्रावण आता कोण पाळतं, म्हणाला. पण वजन वाढलेलं दिसतंय, असंही म्हणाला. साबुदाणा, म्हटलं.

९ ऑगस्ट, शनिवार
काल मनुबाईकडे नारळी पौर्णिमेची गडबड. तिने नारळीभात पुढे केला. माणसं औषधात सुद्धा गोड घालतात. कोलंबी मागून घ्यावी लागली.

आणि कोल्हा समोरासमोर आला. कुत्र्यापेक्षा किडकिडीत, तोंडावर शरम अजिबात नाही. गेले काही दिवस बघतोय, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर. पिशवी चुरगाळली की पुढे सरकतो. उष्ट्याची इतकी चटक लागलेल्या प्राण्याला स्वाभिमान कसला? मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. तो पिशवीकडे बघत होता. शेवटी कोलंबीची डोकी टाकून मीच निघून आलो. त्याला त्याची जागा दाखवून.

मनुबाईला हे सांगितलं तर म्हणते, कोला दिसला का दिवस चांगला जातो, तुमाला तर रोजच दिसतो. अडाणीपणा. अशा लोकांमुळेच देश मागे आहे. कोलंबी मात्र झकास तळते.

१३ ऑगस्ट, बुधवार
सुमतीने शर्ट धुवायला टाकताना नाकाशी नेला. मग विचारलं, भिंतीपाशी रोज काय करता? पाहणी, म्हटलं. मानवलाय तुम्हाला श्रावण, एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही. उमेदवारीच्या फॉर्मवर तिनेच सही दिली.

संकल्प: येत्या सोमवारपासून औषधही बंद.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनानंतर बोललो. जोरदार. कोल्ह्यांचा बंदोबस्त आणि गेटच्या आत मासेवालीला बंदी, दोन्ही जाहीर केलं. ए विंगच्या टाळ्या. सुधीरच्या बाजूची थोडी कोल्हेकुई झाली, पण मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी मनुबाईकडे गेलो तर तवा पालथा. बातमी पोचलेली. गेटाच्या आत मी नाय चालत, मंग माझा मासा तुमचे पोटात कसा चालतो, असं तोंडावर विचारलं. माझा भयंकर अपमान झाला. या लोकांना राजकारण कळत नाही, लगेच मनाला लावून घेतात.

रिकाम्या हाताने परत. कोल्हा बसलेला. हातात पिशवी नाही हे दिसूनही उठेना. याला उपद्रव म्हणायचं नाही तर काय?

१६ ऑगस्ट, शनिवार
समेट करावा म्हणून परत गेलो. मनुबाई बाहेरच आली नाही. तिचा नवरा दामाजी दारात जाळं दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, दुधी खा साहेब, श्रावण हाय.

कोल्हा आजही तिथेच. आज तर कुईंकुईं करत मागे मागे आला. लाचारीलाही काही मर्यादा असते.

भाषण तयार. भुरभुर चालूच आहे म्हणून कागद पिशवीत घालून ठेवले. नेहमीचीच पिशवी, धुऊन. नेतृत्वाला दूरदृष्टी लागते.

१७ ऑगस्ट, रविवार
थोडक्यात लिहितो.

मतदानाआधीची सभा मागच्या भिंतीपाशी. आग्रह माझाच, जागेवर उभं राहून बोललं की परिणाम होतो. सगळी सोसायटी खुर्च्या मांडून बसलेली, वनखात्याचे साहेब पहिल्या रांगेत. अंधारायच्या सुमाराला माझं नाव पुकारलं. मी भगदाडाला पाठ करून उभा राहिलो आणि भाषण काढायला लागलो. पिशवी वाजली.

कोल्हा आत आला.

हेमाली किंचाळली. खुर्च्या पडल्या. त्याने कोणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे आला, माझ्या चपलेजवळ बसला आणि पिशवीकडे बघत राहिला. मी हाड म्हटलं. तो आणखी जवळ सरकला. साहेब हळूच म्हणाले, काका, हा तुम्हाला ओळखतो. मी म्हटलं, छे, मी याला आयुष्यात पाहिलेलं नाही. तेवढ्यात त्याने माझा हात चाटला. सगळ्यांसमोर. माझ्या हातून पिशवी सुटली, त्याने ती आतून-बाहेरून चाटली आणि काही मिळेना तेव्हा भाषणाचं पहिलं पान तोंडात धरून निघून गेला.

भावेशने पिशवी उचलून वास घेतला. मग ती टाकली आणि हात लांब धरून नळाकडे धावला. साहेबांनी भिंतीपलीकडे टॉर्च मारला. तिथे काट्यांचा हा ढीग. कावळे आणतात, असं मी सांगितलं.

सुधीर त्याच्या भाषणात एक शब्द बोलला नाही. उठला, नमस्कार केला, बसला. लोक त्यालाही टाळ्या वाजवतात.

१८ ऑगस्ट, सोमवार
निकाल. सुधीर. एका फ्लॅटला एक मत, आणि आमच्या फ्लॅटवर पहिलं नाव सुमतीचं, म्हणून मत तिने टाकलं. मला पडलेली मतं: एकही नाही. सुमतीला विचारलं. गुप्त मतदान आहे, म्हणाली, आणि दुधी किसायला बसली.

कमिटीचा पहिला ठराव: भगदाड बुजवणे. दुसरा: कोणीही कोल्ह्याला खाऊ घालू नये. नाव कोणाचं घातलेलं नाही, पण वाचताना सगळे माझ्याकडे बघत होते.

मनुबाई नेहमीसारखी टोपली घेऊन आत आली. आमची बेल तेवढी वाजवली नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ७
श्रावण संपत आला. मी कडक पाळला, सोमवारपासून तर अगदीच. जेवायला दुधी.

कोल्हा दिसत नाही. हेमाली पुन्हा वॉकला उतरते. खाणं तुटलं की तो तिवरात परत जाईल, असं साहेब म्हणालेले, तसंच झालं. म्हणजे कोल्हा कंट्रोल झाला. माझ्यामुळेच झाला, पण श्रेय द्यायला मोठं मन लागतं.

खिडकीत बसलो. इथून भगदाडावरचं नवीन सिमेंट दिसतं. हाताशी एक पिशवी होती, ती सहज चुरगाळून पाहिली. भिंतीपलीकडे काही हललं नाही. जरा जोरात चुरगाळली.

आतून सुमतीने विचारलं, पिशवीत काय आहे?

काही नाही, म्हटलं. या वेळी खरंच काही नव्हतं.