शेवटच्या पानावरचं नाव

४ जाने., सावली
"वाचलं तं शेवटच्या पानावर नाव लिव्ह, म्हंजे पुस्तकाले तू आठवशीन." बाबांचं वाक्य, मी सहा-सात वर्षांची असताना. आमच्या सावली गावच्या जुन्या कॉमिकवाल्यांच्या गटात आजही हीच रीत. उद्या चामोर्शीच्या बाजारात कॉमिकांची अदलाबदल. जपानी कॉमिकवालेही येणार. काल गटावर मीच लिहिलं, 'त्या साऱ्यांना फक्त मारामारी कळते.' धडाधड अंगठे आले. बरं वाटलं.

५ जाने.
जपानीवाल्यांच्या ताडपत्रीवरून त्यांच्यातल्या सलीम नावाच्या एकाचं पुस्तक उचललं. चाळलं, आवडलं. रीतीप्रमाणे शेवटच्या पानावर नाव टाकलं. ती पुस्तकं उलट्या बाजूनं सुरू होतात. माझं शेवटचं, त्याचं पहिलं. नायकाच्या चेहऱ्यावर माझं नाव, निळ्या शाईत.
"बाई, हे काय केलं? तुमी जुने सारेच अडाणी!"
'चुकलं' ओठांवर आलं होतं. पण ते 'सारेच'... मी म्हणाले, "आन् तुमी सारेच नकली."
त्यानं पुस्तक हिसकावलं. मी धडपडले. माझा धाकटा भाऊ दिनू धावला. कॉलर, लाथा. कुणाचा तरी दात टमाट्यांच्या ढिगात. दिनूनं भाजीच्या दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू उपसला. सलीमनं डोकं झाकायला उजवा हात वर केला.
मनगट मोडल्याचा आवाज आला. दिनूनं पुन्हा मारला. त्याच हातावर.

७ जाने.
सलीम शिंपी आहे. आज कळलं.
आपला गट: 'बरं झालं, हे असेच.' त्यांचा: 'सावलीवाले सारे गुंड.'
दिनू जामिनावर घरी. "ताई, त्यानं तुले ढकललं ना!"
"नाई रे, पुस्तक ओढलं."
"एकच हाय."
जेवला. मला त्याच्या हाताकडे बघवेना.

९ जाने.
गडचिरोली, दवाखाना. सलीम भिंतीकडे तोंड करून. बायको दारातच उभी. "भावाची केस मिटवाले आल्या?"
"नाई."
"लग्नाचे कपडे पडून हायेत. डॉक्टर म्हनते, कैची धरता येईन का नाई, सांगता येत नाई. जा तुमी."
जिन्यात बसून राहिले. काय मोडलं, ते... नको.

११ जाने.
गट सोडला. सलीमला चिठ्ठी लिहिली, चारदा फाडून. तो नाहीच म्हणेल, मीही म्हटलं असतं. तरी उद्या देईन:
'सलीमभाऊ, हात बरा होईस्तोवर मले तुमच्या मशीनवर बसू द्या. काज-बटन येते. कापता येत नाई. तुमी बसल्या जागून सांगा, मी कापीन.'