डाव्या हातावरचे चार चौकोन

३ नोव्हें. ९७, सोम.
सकाळी शुभा बाथरूममध्ये. नळ फुल्ल सोडलेला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज. खर्र, जरा थांबून परत खर्र. तीस वर्षं रोज दाढी करतोय, हा आवाज झोपेतही ओळखेन. तेवीस वर्षांची माझी पोर हनुवटीवर रेझर फिरवते.

बाहेर आली ती ओढणी गळ्याशी गुंडाळून. चहाला खिडकीकडे पाठ करून बसली. आता लक्षात येतंय, गेलं वर्षभर तिथंच बसते. मी पेपरचं एकच पान वाचत राहिलो.

वाशीपासून उरणपर्यंत ब्यूटी पार्लरना वॅक्स, पट्ट्या, धागा, ब्लीच पुरवणारा माणूस मी. आणि घरात हे. तिची आई, व., असती तर मला कळायच्या आत मिटलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मायलेकींची असली बोलणी दार लावून व्हायची. ते दार कसं उघडतात मला ठाऊक नाही.

५ नोव्हें.
वाशी, विद्याताईंचं पार्लर. 'फक्त महिलांसाठी', म्हणून मी नेहमीसारखा जिन्यात, माल पडद्याखालून आत. आत कुणीतरी बोंबललं. वि.ताई: "ओरडू नका हो, बाहेर कदमभाऊ उभे आहेत. त्यांना वाटेल मी कोंबडी कापतेय."

गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं. म्हटलं, ओळखीतल्या एकाची मुलगी आहे, हनुवटीला केस येतात. "हनुवटीला वॅक्स मी करत नाही. पुळ्या येतात, केस आत वळतात. ब्लीचने केस सोनेरी होतात, जात नाहीत. सावळी आहे का?" म्हटलं, सावळी. "मग उन्हात जास्तच दिसतील. थ्रेडिंग करा. पण दर पंधरा दिवसांनी यावं लागेल."

मग डबे उचलताना, "ओळखीतल्याची मुलगी सावळी, हे बरं पटकन आठवलं हो भाऊ."
म्हटलं, डबे बघून घ्या, गळका नको.

६ नोव्हें.
माझा नियम आहे, जो माल आधी स्वतःला लावला नाही तो विकायचा नाही. साताऱ्याकडून आलो, टोपलीत पिना-रिबिनी घालून फिरायचो, तेव्हापासूनचा. तर डावा हात, कोपराखाली. चार चौकोन. पहिल्यावर रेझर. दुसऱ्यावर वॅक्स, गॅसवर गरम करून. पट्टी खेचली आणि ओट्यावर हात आपटला. आयशप्पथ. इतकी वर्षं हे डबे हसत हसत विकतोय.

शुभा ऑफिसातून यायच्या आत पातेलं घासून ठेवलं. बाही खाली.

८ नोव्हें., शनि.
उरण. नसीमाखाला साठीच्या पुढची, घरच्या ओटीवरच पार्लर. हात पुढं केला. म्हटलं, इथं धागा मार.
"या वयात नवरा व्हायचा हाय काय?"
आत सून हसून लोळली. खालाने धाग्याचं टोक दातात धरलं, चरचर चरचर. झटपट काम. दुखतं, पण सोसेल असं.
मग हळूच: "कोनासाठी रे भाऊ?"
ओळखीतली म्हटलं.
"तिच्या आयशीला घेऊन ये. दोघींना शिकवीन, पोर घरीच करील."
"आई नाही तिला."
धागा थांबला. "मंग तुजीच हाय ती."
मी बाही खाली ओढली. तिने पुढे विचारलं नाही. निघताना सुके बोंबील बांधून दिले.

११ नोव्हें.
चौथा चौकोन. नेरूळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई. केसाच्या मुळाशी बारीक सुई, तिच्यातून करंट, मग चिमट्याने केस अलगद बाहेर. मुंगी चावते तसं. पण प्रत्येक केसाला वेगळी मुंगी. दहा केस काढून घेतले. ज्याचं मूळ नीट जळलं तो केस परत येत नाही म्हणाल्या, पण हनुवटी पुरी व्हायला कित्येक महिने यावं लागेल. लेझर? मुंबईत मशीन आलंय, पण आपल्या रंगावर डाग पडायची भीती, थोडं थांबा.

"पण आधी कारण शोधायचं. हार्मोन्सचं असू शकतं. मुलीची पाळी नियमित आहे का?"

मला माहीत नाही. जन्मवेळ विचारली असती, रक्तगट विचारला असता, दहावीचे विषयवार मार्क विचारले असते...
बाई म्हणाल्या, "तिलाच घेऊन या."

१६ नोव्हें., रवि.
हात: रेझरचा चौकोन दोन दिवसांत खरखरीत, आता जवळजवळ पहिल्यासारखा. वॅक्स साफ, पण तीन पुळ्या. धागा साफ, लाली दुसऱ्या दिवशी गेली. सुईच्या बारीक खपल्या, पडतायत.

सांगायचं कसं? अख्ख्या ठाणे-बेलापूर रोडवर कुणालाही काहीही विकतो मी. दिवसभर दोघं घरात. "पप्पा, टीव्हीचा आवाज कमी करा ना." केला. रविवारचं बोलणं एवढंच.

२३ नोव्हें., रवि.
घात झाला. भांडी घासत होतो, बाह्या वर. शुभा ताट ठेवायला आली. "पप्पा, हातावर काय हे? गजकर्ण?"
हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. गिऱ्हाइकाला दहा थापा मारतो. तिच्यापुढे एक सुचली नाही.
"तुझ्यासाठी बघत होतो. कशाने कमी त्रास होतो ते."
ताट तसंच हातात. "म्हणजे तुम्हाला दिसतं."
"बघितलं नाही गं. ऐकलं."
"म्हणजे बाथरूममध्येपण लपत नाही." आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "ऑफिसात बघतात. रिक्षावाला आरशातून बघतो. घरी आले की वाटायचं, चला, इथं एक माणूस आहे ज्याला दिसत नाही."
दार लावून घेतलं. जेवली नाही.

३० नोव्हें.
तळवलीला गेली, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या खोलीवर. "महाप्याचं ऑफिस जवळ पडतं, पप्पा." पडतं खरं. एकच बॅग नेली. व.ची शाल नेली. पत्ता मी मागितला नाही, तिने दिला नाही.

६ डिसें.
घरात मी बोललो नाही तर आवाज नाही. शेजारच्यांचा कुकर माझ्याच घरात शिट्टी देतो. काल स्वतःशी बोललो, बरं वाटलं, मग लाज वाटली.

उरणला खालाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि झाडलं: "हात कशाला रंगवलास? पोरीसमोर दुकान मांडलंस तू. बाजूला बसून विचारायचं हुतं, बाय, तुला काय होतंय."
खरं आहे. दुकान सोडून मला काय येतं?

१३ डिसें., शनि.
संध्याकाळी फोन. शुभा. रस्त्यावरच्या रुपयाच्या डब्यावरून, मागं गाड्या.
"जेवलात?"
"हो. तू?"
"हं." मग बराच वेळ गाड्याच. "पप्पा, ती सुई. दुखते का? खरं सांगा, विकू नका."
"दुखते. दर केसाला दुखते. आणि लवकर संपत नाही."
"बरं."
"शुभा, तुला काय होतंय ते मी..."
तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, जरा सर्दी झालीय. तीन मिनिटं संपली, लाइन कट.

पुन्हा वाजेल म्हणून आठ वाजेपर्यंत फोनशेजारी बसलो. डब्याचा नंबर, उलट लावता येत नाही.
डॉक्टरीणबाई मंगळवारी चार ते सात असतात. तेवढं सांगायचं राहिलं.